नित्यकर्म आणि प्रत्यवाय

कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे जे विभाग मीमांसकांनी कल्पिले, त्यांपैकी नित्यकर्माविषयीचा सिद्धांत प्रथमदर्शनी मनास पटत नाही. कारण जे केल्याने स्वर्गासारखे कोणतेही विशेष फळ लाभत नाही, ते न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, का लागावा, ही शंका कोणाही विचारी माणसास येईल. अभावातून भावाची उत्पत्ती संभवत नाही, या न्यायाने शंकराचार्यांनी तर 'न करणे' हे दोषाचे कारण मानण्यासच हरकत घेतली. हा वाद पाठशाळेपुरता आहे असे ज्यास वाटते, त्याने अमेरिकेतील विजेच्या लाकडी खांबांची तपासणी कशी चालते हे समजून घ्यावे.

त्या देशात आजही कोट्यवधी लाकडी खांब तारांचा भार वाहत उभे आहेत. पाइनचा सोट क्रिओसोटसारख्या द्रव्यात दाबाखाली मुरवला, तरी ते द्रव्य गाभ्यापर्यंत पोचतेच असे नाही. आणि कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा ही दोन्ही जेथे एकत्र मिळतात, ती जागा नेमकी जमिनीच्या पृष्ठभागालगत, दृष्टीआड असते. म्हणून तपासनीस बुंध्याभोवती सुमारे दीड फूट माती उकरतो, हातोड्याने ठोकून नाद ऐकतो, आवाज बद्द आला की गिरमिटाने तिरपे भोक पाडून बाहेर येणारा भुगा बोटांत चोळून पाहतो, भोकात खुंटी ठोकतो आणि वर्षाचा बिल्ला मारून पुढच्या खांबाकडे वळतो. काही धातुक्षारांनी मुरवलेले लाकूड वणवा पुढे सरकल्यावरही आतून धुमसत राहते. यास्तव वणव्याच्या मुलुखात बुंध्यास लेप दिलेली जाळी गुंडाळतात, आणि उष्णता लागताच तो लेप फुगून ज्वाला व लाकूड यांच्या आड येतो. एवढ्या खटाटोपाचे फळ एकच, की काल उभा असलेला खांब आजही उभा राहावा.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी टेक्सासच्या उत्तर भागात, स्टिनेट गावाजवळ, असाच एक कुजलेला खांब सोसाट्याच्या वाऱ्यात मोडला, तारा सुक्या गवतावर पडल्या आणि दहा लाखांहून अधिक एकर भूमी जळाली. दोन माणसे दगावली, हजारो गुरे होरपळून मेली. त्या राज्याच्या विधिमंडळाच्या चौकशी समितीने या अग्नीचे मूळ त्या खांबाशीच नेले.

येथे आचार्यांची हरकत खरी ठरते, आणि मीमांसकांचा धाकही खोटा ठरत नाही. हयगयीने काहीच निर्माण केले नाही. नाश घडविला तो बुरशीने, वाऱ्याने आणि विजेने. परंतु बुरशीचे काम एक दिवसही खंडित होत नव्हते, म्हणून तिला आवरणारे कामही खंडित होऊन चालणारे नव्हते. नित्यकर्मे ही साचलेल्या दुरिताच्या क्षयासाठी असतात, असे जे आचार्य तैत्तिरीयभाष्याच्या आरंभी सांगतात, त्याचा अर्थ येथे डोळ्यांनी दिसतो: दुरित आपोआप साचते, क्षय मात्र कोणीतरी करावा लागतो.

तथापि एका बाबतीत आपणास जुन्या विचाराच्या पुढे जावे लागेल. संध्या चुकविणाऱ्याचा प्रत्यवाय त्याचा त्यालाच भोगावा लागे, आणि म्हणून ती चुकवावी की नाही हा, एका अर्थी, त्याच्यापुरता प्रश्न होता. तारांनी जोडलेल्या जगात कसूर एकाची असते, आणि प्रत्यवाय पडतो तो तपासनिसाचे नावही न ऐकलेल्या गुराख्यावर. भुगा मऊ लागला हे दफ्तरात नोंदवून खांब बदलण्याचा खर्च पुढील सालावर ढकलणारा अधिकारीही या दोषातून मुक्त नाही. उलट कळल्यानंतर केलेली दिरंगाई ही न कळल्याहून जड आहे. आपल्या पापाचे फळ आपण भोगू, असे म्हणण्याचा अधिकार ज्यास उरलेला नाही, त्याने नित्यकर्माचे फळ विचारू नये. ते फळ दुसऱ्यांच्या वाट्यास, त्यांना नकळत, रोज जात असते.