अभय म्हणजे नाव न उलटणं नव्हे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक पहिला, आणि त्यावर ज्ञानेश्वरीत आलेल्या सुरुवातीच्या ओव्या.

सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीची यादी देतात. एकूण सव्वीस गुण. त्यात सत्य आहे, अहिंसा आहे, दया आहे, क्षमा आहे. पण यादीतला पहिलाच शब्द कोणता? अभय. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात विनोबा या यादीकडे सैन्यासारखं बघतात. आघाडीला अभय उभं आहे आणि पिछाडीला नम्रता. मधले सगळे गुण या दोघांच्या पहाऱ्यात सुरक्षित. हे वाचल्यापासून मला ती यादी नुसती यादी वाटत नाही.

आता आपल्यासारख्यांचा प्रश्न. रोज स्तोत्र म्हणतो, नामस्मरण करतो, दर गुरुवारी नाहीतर मंगळवारी देवळात जातो. तरी भीती वाटतेच ना? अप्रेझलची वाटते, रिपोर्ट यायचा असला की वाटते, रात्री दोनला घरून फोन आला की छातीत धस्स होतं. मग मनात येतं, आपली श्रद्धा कमी पडते का? की म्हणतोय त्याचा उपयोगच नाही?

हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात मला माझ्या अकरा वर्षांच्या भाचीनं विचारला. मोठ्या माणसांना नसता जमला इतक्या सरळ शब्दांत.

आमची ताई लालबागला राहते. भाची दादरच्या महात्मा गांधी तलावात पोहायला शिकली, पाण्याची तिला आवड. म्हणून तिला कोलाडला घेऊन जायला लागलो, कुंडलिका नदीवर कयाक शिकायला. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची अरुंद नाव. कमरेभोवती स्प्रे-स्कर्ट नावाचा रबरी घेर असतो, तो नावेच्या तोंडाला घट्ट बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. डोक्याला हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट.

या कुंडलिकेची एक गंमत सांगतो. तिचं खळाळतं पाणी पावसाळा संपला तरी वाहतं, कारण ते मुळशी धरणातून सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज करून मग नदीत सुटतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. टाटांच्या अशाच वीजघरांनी मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवली. माझे आजोबा ज्या साच्यावर उभे राहायचे, तो फिरवणारं पाणी आणि नात-पणती जिच्यात वल्हं मारते ते पाणी, नातं एकच. आणि याच धरणासाठी ज्यांची शेतं-घरं बुडाली, ज्यांच्यासाठी १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, त्या मावळ्यांचाही त्या पाण्यावर हक्क आहे. नावेत बसण्याआधी आम्ही पाण्याला नमस्कार करतो तेव्हा भाचीला हे सांगितलेलं आहे.

तर झालं असं. दोन दिवस संथ पाण्यात सराव झाल्यावर ती पहिल्यांदा एका लहानशा रॅपिडमधून उतरली आणि उलटली. डोकं खाली, नाव वर. शिकवल्याप्रमाणे तिनं स्प्रे-स्कर्टचा पुढचा पट्टा ओढला, नावेतून सुटली, वर आली. शिकवणारे दादा शेजारीच होते, त्यांनी काठाला आणलं. खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर ती नावेत बसेना. वल्हं हातात घेतलं तरी ओठ थरथरायला लागायचे.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "मामा, मी रामरक्षा म्हणत होते. मनातल्या मनात. तरी उलटले. आणि तरी खूप भीती वाटली. मग म्हणायची कशाला?"

ताई काहीतरी बोलणार होती, मग थांबली. मीही लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न लहान मुलीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. "देवावर विश्वास ठेव, काही होणार नाही," असं आपण मुलांना सांगतो. आणि काहीतरी होतंच. मग मुलं आपल्यावरचा विश्वास सोडतात, की देवावरचा?

मी तिला विचारलं, "पाण्याखाली गेल्यावर तू काय केलंस?"

"पट्टा ओढला."

"आठवलं कसं?"

"आठवलं नाही. हातच गेला."

हात का गेला? संथ पाण्यात तिनं तेच वीस-पंचवीस वेळा केलं होतं. दादा नाव मुद्दाम उलटी करायचे आणि ती पट्टा ओढून बाहेर यायची. तेव्हा तिला ते कंटाळवाणं वाटायचं. पण डोकं खाली, नाकात पाणी, समोर काही दिसत नाही, अशा वेळी विचार करायला सवडच नसते. तिथे फक्त सवय कामाला येते. मी तिला म्हटलं, "बाळा, रामरक्षा नाव सरळ ठेवण्यासाठी नाही. ती रोज संध्याकाळी म्हणायची, म्हणजे नाव उलटल्यावर मन कुठे जायचं ते मनाला न सांगता कळतं. तू घाबरलीस, पण घाबरून हातपाय झाडत बसली नाहीस." तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. ती म्हणाली, "पण भीती तर वाटली ना."

हो, वाटली. आणि इथे मला अर्जुन आठवला.

जगात देवाच्या सर्वांत जवळ बसलेला माणूस कोण? अर्जुन. एकाच रथात, हाताच्या अंतरावर भगवंत. त्याचेच हातपाय गळाले, अंगावर काटा आला, गांडीव हातातून सुटलं. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तर तो थरथरत हात जोडतो आणि म्हणतो, ते तुझं नेहमीचं रूप दाखव. देव शेजारी असूनही भीती वाटते, हे गीताच सांगते. त्यामुळे भीती वाटणं म्हणजे श्रद्धा नसणं, हा हिशोबच चुकीचा आहे.

आणि भगवंतांनी त्या भीतीचं केलं काय? दुसऱ्या अध्यायात आधी ते जरा कडक बोलतात. हे तुला शोभत नाही, ऊठ. पण अर्जुन उठतो का? नाही. तो आणखी बोलतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. मग भगवंत जणू हसून बोलायला सुरुवात करतात, आणि तिथून अठराव्या अध्यायापर्यंत बोलतात. मला हे फार मोठं वाटतं. टोचून बोलल्यानं भीती गेली नाही. सोबत बसून, प्रश्नाला उत्तर देत, पुन्हा पुन्हा समजावल्यावर गेली. अकराव्या अध्यायातही तसंच. मित्र घाबरला म्हटल्यावर विश्वरूप आवरून ते ओळखीच्या सौम्य रूपात आले आणि त्याला धीर दिला. मुलाला धीर द्यायचा तर आधी आपण त्याच्या ओळखीचं रूप घ्यायचं. "घाबरतेस काय, एवढी मोठी झालीस!" हे मुलांसाठी विश्वरूपच असतं.

दादांनीही दुसऱ्या दिवशी नेमकं हेच केलं. रॅपिडचं नावच काढलं नाही. गुडघ्याइतक्या संथ पाण्यात गेले आणि एक नवीन खेळ शिकवला. नाव उलटली की बाहेर यायचं नाही. नावेच्या तळावर हातानं तीनदा थापा मारायच्या आणि मग दोन्ही हात नावेच्या कडेनं पुढे-मागे फिरवत राहायचे. दादा आपल्या नावेचं टोक तिच्या हाताशी आणून लावणार. ते धरायचं आणि वर यायचं. पाण्याखाली तिला काही दिसत नाही. दादा येतायत की नाही, तेही कळत नाही. फक्त थाप मारायची आणि हात उघडा ठेवायचा. पहिल्यांदा ती दोन सेकंदांत बाहेर पडली. सहाव्या-सातव्या वेळी थांबली. टोक हाताला लागलं.

नामस्मरण मला तिथे काठावर बसून नव्यानं कळलं. आपली थाप ऐकू गेली की नाही, हे उलट्या माणसाला दिसत नसतं. हात मात्र चालू ठेवायचा असतो.

आता ज्ञानेश्वरीकडे या. अभय या एका शब्दावर बोलताना माऊलींनी दिलेले दाखले बघा, त्यातले दोन पाण्याचेच आहेत. एक असा: महापुरात जो उडीच घेत नाही, त्याला बुडण्याची धास्ती कुठली? वरवर पाहता वाटतं, म्हणजे काठावर बसा! पण माऊली लगेच खुलासा करतात. कर्म करताना वा न करताना अहंकाराला डोकं वर काढू द्यायचं नाही, मग संसाराचा दरारा उरत नाही. म्हणजे नदीत उतरायचं, पण 'मी' नावाच्या पुरात उडी घ्यायची नाही.

दुसरा दाखला मिठाचा. मिठाचा खडा पाण्यात बुडणार कसा? तो तर विरघळून पाणीच झाला, बुडायला वेगळं कुणी उरलंच नाही. दुसरेपण गेलं की भीती जाते.

हे ऐकायला फार वरचं वाटतं, पण कयाक शिकणाऱ्या पोरांना याचा पहिला धडा अंगानं कळतो. लाट आली की घाबरलेलं शरीर ताठ होतं आणि लाटेपासून लांब झुकतं. मग नाव हमखास उलटते. कंबर सैल सोडली, नाव पाण्याबरोबर हलू दिली, की तीच लाट खालून निघून जाते. उलटल्यावर कमरेच्या झटक्यानं नाव सरळ करायची एक युक्ती असते, तिथे तर नियमच आहे: डोकं सर्वांत शेवटी वर आणायचं. श्वासासाठी जीव तळमळत असतो, म्हणून प्रत्येक जण आधी डोकं काढायला बघतो, आणि त्या ओझ्यानं नाव पुन्हा पालथी होते. आधी नाव, मग अंग, शेवटी डोकं. विनोबांची नम्रता पिछाडीला का उभी आहे, ते मला या नियमावरून जास्त कळलं. अभय पुढे आणि डोकं मागे.

एक सावधगिरी. अभय म्हणजे बेफिकिरी नव्हे. माऊलींचा तिसरा दाखला पथ्याचा आहे: जे पथ्यानं राहतात, त्यांच्या घरी रोगाची गणना होत नाही. हेल्मेट, लाइफ जॅकेट, जाणता माणूस शेजारी, पाणी जास्त वाटलं तर नाव काठावरच, ही नदीची पथ्यं. देव राखेल म्हणून पथ्य सोडणं ही श्रद्धा नाही. गिरगावच्या चौपाटीवर विसर्जनाला जाणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

भाचीचं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. त्या खेपेला ती संथ पाण्यातच राहिली. पुढच्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःहून दादांना सांगितलं आणि ते रॅपिड उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "मामा, भीती वाटली. पण मी तिला सोबत घेऊन बसले." यावर माझं काही भाष्य नाही.

आजचा अभ्यास, तीनच गोष्टी:

१. आज जी भीती मनात आहे, तिचं नाव कागदावर लिहा. "मला भीती वाटत नाही" असं स्वतःला सांगू नका. अर्जुनानंही सगळं बोलून दाखवलं होतं.

२. सगळं ठीक असताना, संथ पाण्यात, पाच मिनिटं नामस्मरण करा. कंटाळा आला तरी. तो उलट्या वेळेचा सराव आहे.

३. घरात, ऑफिसात कुणी घाबरलेलं दिसलं तर उपदेश नको. आपल्या नावेचं टोक त्याच्या हाताशी न्या आणि तिथे थांबा.

देवा, आमची नाव उलटूच नये असं मागत नाही. उलटली तर हात उघडा राहू दे, आणि दुसऱ्या कुणाची उलटली तर तिची थाप आम्हाला ऐकू येऊ दे.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ, सत्त्वसंशुद्धी.

राम कृष्ण हरी.