खेळाची खोली



पावसाळ्यापूर्वी आम्ही एका घरी आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. घर जुनेच, पण मागची एक खोली नव्याने तयार केली होती. घर बांधताना पैसे संपले म्हणून ती तशीच राहून गेली होती. ना गिलावा, ना फरशी. बाहेरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि खोली खाली जात राहिली. आता तीत दोन पायऱ्या उतरून जावे लागते, तळघरच म्हणा ना! आजोबांची वाडीतली हत्यारे, मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे तिथे वर्षानुवर्षे पडून होते. आता ओल बंद केली होती, भिंतींना पिवळा रंग होता, विजेची बटणे उंचावर घेतली होती, हवेसाठी खिडकी मोठी केली होती. सहा वर्षांच्या मुलीसाठी खेळाची खोली!

या खोलीवरून घरात बराच वाद झाला होता. आजोबांचे म्हणणे, भाड्याने द्या, महिन्याला चार पैसे येतील. वडील म्हणत, अभ्यासाची खोली करा. आई हटून बसली आणि खेळाची खोली झाली. पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर वडिलांनी हळूच विचारले, "फादर, खरं सांगा, आम्ही पैसे वाया घालवले का?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. ते उत्तर आमच्याकडे बाकी आहे.

'वाया' म्हणजे काय? ज्यातून पुढे काही मिळत नाही, ते वाया, असे आपण धरून चालतो. अभ्यासातून नोकरी मिळते, भाड्यातून पैसा मिळतो. खेळातून काय मिळते? मग आपणच खेळाची वकिली करू लागतो: खेळाने बुद्धी वाढते, शरीर सुधारते. हे खरेच आहे. परंतु मूल त्यासाठी खेळत नाही. ते खेळासाठीच खेळते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमके हेच ओळखले होते. आत्म्याच्या आनंदापलीकडे ज्यात दुसरे काही शोधले जात नाही, तो खेळ, असे ते मानतात. शरीर थकले की त्याला विश्रांती लागते, तशी मनालाही लागते. ती खेळातून मिळते.

याच संदर्भात ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना दिसले म्हणून काही लोक नाराज झाले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडले. असेच सतत सोडत राहशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला की तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. अक्वायनस आणखी एक पाऊल पुढे जातात. खेळाचा अतिरेक हा दोष आहेच. पण स्वतः कधी न खेळणे आणि दुसऱ्याच्या खेळावर विरजण घालणे हाही दोषच आहे.

म्हणून वडिलांना आमचे पहिले उत्तर असे: पैसे वाया गेले नाहीत. ज्या गोष्टी स्वतःसाठीच चांगल्या असतात, त्यांची किंमत भाड्यात मोजू नये.

पण दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ही खोली नक्की कोणासाठी? मुलीला खेळता यावे म्हणून, की तिचा आवाज आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून? दोन्ही खोल्यांचा रंग सारखाच असतो, खेळणीही तीच असतात. फरक एवढाच, की एका खोलीत मोठी माणसे अधूनमधून खाली उतरतात आणि दुसरीचे दार बाहेरून ओढून घेतले जाते.

संत जॉन बॉस्को यांच्या मुलांना गोंगाटामुळे जागेमागून जागा सोडावी लागली. अखेर 1846 साली तुरीन शहरात त्यांना पिनार्दी नावाच्या गृहस्थांची एक बुटकी शेड मिळाली. उंची पुरेना म्हणून तिची जमीन खोदून खाली घ्यावी लागली. ती शेड प्रार्थनेला आणि भोवतालची मोकळी जागा खेळायला. पण डॉन बॉस्को मुलांना जागा देऊन निघून गेले नाहीत. ते स्वतः त्यांच्यात धावले. जागा देणे हे अर्धेच दान होते.

येथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. त्या दिवशी निघताना मुलीने आमचा झगा धरला होता. "फादर, मी दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक." आम्ही घड्याळ पाहिले. पुढचे घर वाट पाहत होते. "पुढच्या वेळी हं," असे म्हणून आम्ही पायऱ्या चढलो. नंतर वळून पाहिले, तर आजोबा खाली बसले होते. भाड्याची गोष्ट काढणारे तेच आजोबा! आपल्या जुन्या टोपलीतून ते खोटी केळी विकत घेत होते आणि भावावरून घासाघीसही करत होते. खोलीला खरा आशीर्वाद त्यांनी दिला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी जादा खोली नाही. हरकत नाही. ओटा चालेल, पलंगाखालची जागाही चालेल. आज जेवणानंतर दहा मिनिटे मुलांच्या बरोबरीने जमिनीवर बसा. फोन बाजूला ठेवा. काही शिकवू नका, फक्त खेळा. आणि मुलांच्या मिस्सानंतर तासभर चर्चच्या अर्ध्या आवारात गाड्या लावू नका. तिथे मुले खेळतील. आम्हीही येऊ, आमच्याकडे एक उधारी बाकी आहे.

आपला,
धर्मगुरू