सामान्य आणि विशेष: सामायिक युनिक्स यंत्रणेतील एक तात्त्विक प्रश्न

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये विकसित केलेल्या, दूरच्या फाइली स्थानिक असल्याप्रमाणे वापरू देणाऱ्या नेटवर्क फाइल सिस्टिममुळे अनेक युनिक्स संगणकांवर वापरकर्त्याची एकच होम डिरेक्टरी, म्हणजे त्याच्या वैयक्तिक फाइलींची जागा, दिसू शकते. तेव्हा एकच कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे आज्ञावलीच्या वर्तनाचे नियम नोंदवणारी फाइल, भिन्न यंत्रांवर वाचली जाते आणि एकत्व व भेद यांचा प्राचीन प्रश्न व्यवहारात उभा राहतो.

या प्रश्नावर वैशेषिक या भारतीय दर्शनाने अनेकांत अनुगत असणाऱ्या धर्माला ‘सामान्य’ आणि नित्य द्रव्यांना परस्परांपासून वेगळे करणाऱ्या अंतिम भेदकाला ‘विशेष’ म्हटले, व दोहोंना स्वतंत्र पदार्थांचे, म्हणजे अस्तित्वाच्या मूलभूत प्रकारांचे, स्थान दिले. यंत्र हे नित्य द्रव्य नसल्याने ‘विशेष’ ही संज्ञा त्याला काटेकोरपणे लागू होत नाही. तथापि एकाचा लोप दुसऱ्यात करू नये, हा त्यामागील विवेक येथेही मार्गदर्शक ठरतो. प्रत्येक यंत्राला संपूर्ण वेगळी प्रत दिल्यास सामान्य विस्कटते, आणि एकच नियम सर्वांवर लादल्यास विशेष नाकारला जातो. म्हणून समान नियम सामायिक फाइलीत ठेवून, यंत्राचे नाव तपासून, केवळ भेदापुरती छोटी फाइल जोडणे, हीच पद्धत तत्त्वदृष्ट्याही अधिक न्याय्य होय.