तांब्याच्या दोन टाक्या

डोंबिवलीतलं एक कनिष्ठ महाविद्यालय, बारावीचा वर्ग. मॅडमनी फळ्यावर तांब्याचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहिलं: ३डीमध्ये १०, ४एसमध्ये १. वर्गात पहिला येणारा मुलगा लगेच म्हणाला, "४एसमधला एक गेला की ३डी पूर्ण भरलेलं उरतं. म्हणून तांब्याचा +१ आयनच जास्त स्थिर."

"मग मोरचुदाचं पाणी निळं कसं?" मागच्या बाकावरून शहाडच्या मुलीने विचारलं.

वर्ग हसला. तिचे बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला. मोरचूद तिने पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्या कपड्यांवर पाहिला होता.

मॅडम हसल्या नाहीत. प्रश्न अचूक जागी लागला होता. ३डी भरलेलं असतं तर ते पाणी रंगहीन दिसलं असतं. निळा रंग म्हणजे तिथे +२ आयन आहे, ३डीमध्ये नऊच इलेक्ट्रॉन आहेत. डोळ्यांना दिसतं ते नियमाशी जुळत नाही, हे भर वर्गात बोलून दाखवायला धीर लागतो, आणि अशा मुलांना आपण फार लवकर गप्प बसवतो.

प्रॅक्टिकलला मॅडमनी फेहलिंगच्या चाचणीतला तांबडा साका घेतला. तो क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे त्यातलं तांबं +१. साका नीट धुऊन त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलं. वरचं पाणी निळसर होत गेलं आणि तळाशी धातूचं तांबं उरलं.

"दोन आयनांपैकी एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला," मॅडम म्हणाल्या. "भरलेल्या ३डीमधून इलेक्ट्रॉन काढणं महाग आहे, मोलमागे १९५८ किलोज्यूल. पण +२ आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा सुमारे २१०० किलोज्यूल बाहेर पडतात. शिवाय ज्याला इलेक्ट्रॉन मिळाला त्याचा धातू होतो, तीही ऊर्जा सुटते. फळ्यावरचा आयन एकटा होता. इथे तो पाण्यात आहे."

पहिल्या नंबरच्या मुलाने वहीत ठळक लिहिलं: द्रावणात तांब्याचा +१ आयन टिकत नाही.

ते वाचून मुलगी जरा घुटमळली. "पण बाबांकडे तांब्याची दुसरी टाकी आहे. लोखंडाचे भाग आधी तिच्यात बुडवतात, मग मोरचुदाच्या निळ्या टाकीत. ती पहिली निळी नाही."

मॅडमचा चेहरा खुलला. "ती सायनाइडची टाकी. सायनाइड +१ तांब्याला इतकं घट्ट धरून ठेवतं की तिथे ते सुखाने टिकतं. लोखंड थेट निळ्या टाकीत घातलं तर तांबं आपोआप त्यावर बसतं, पण सैल. चोळलं की निघतं. म्हणून पहिला थर सायनाइडच्या टाकीत. तो प्रयोग मात्र आपण इथे करायचा नाही. त्यात आम्ल पडलं तर जीवघेणा वायू सुटतो. बाबांना हे माहीत असेल."

"दोन टाक्यांमध्ये भाग दर वेळी धुतात," मुलगी म्हणाली. "त्यावरून बाबा नव्या पोरांना फार ओरडतात."

मुलाने वहीतल्या वाक्यावर काट मारली नाही. 'द्रावणात' या शब्दापुढे खूण करून त्याने बाक सरकवला आणि तिला विचारलं, "अजून कुठल्या टाक्या आहेत तिथे?"

"निकेलची आहे. हिरवी."