युद्धाला नकार कोण देऊ शकतो?

युद्धविरोधी मोर्चात एखाद्या समाजाची माणसे दिसली नाहीत, तर त्या समाजाला युद्ध हवे आहे असे म्हणता येईल काय?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतील मतचाचण्यांत काळ्या लोकांचा युद्धविरोध गोऱ्यांहून अधिक दिसे. मोर्चांत मात्र बहुसंख्य गोरेच असत. कॉलेजात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सवलत मिळे आणि कॉलेजात गोरेच अधिक होते. काळ्या तरुणापुढे पोलिसांची लाठी, बेकारी आणि घरच्या हक्कांचा लढा होता. तरीही १९६७ साली मार्टिन ल्यूथर किंग युद्धाविरुद्ध उघड बोलले. त्याच वर्षी महंमद अलीने भरती नाकारली आणि अजिंक्यपद गमावले.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने साम्राज्यवादी युद्धात भारत सामील होणार नाही, असा ठराव केला. १९४० साली विनोबा युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले. बाबासाहेब मात्र महार तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हे युद्धाचे प्रेम होते काय? नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ साली मोडली गेली. ज्याला गावात पाणवठा बंद, त्याला पलटणीत भाकरी, शिक्षण आणि मान मिळत होता. शिवाय नाझी जिंकले असते तर समतेलाच मूठमाती मिळाली असती.

मग शोषिताने युद्धाचा विचारच करू नये काय? तसे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्यसंघाने कोलियांविरुद्ध युद्ध ठरवले. सिद्धार्थाने भरसभेत विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले, तरी शस्त्र घेण्यास त्याने नकार दिला. तेव्हा संघाने त्याच्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी दिली. शिक्षा मला द्या, माझ्या माणसांना नको, असे म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून नकाराची किंमत ज्याला परवडत नाही, त्याला भित्रा किंवा युद्धखोर म्हणू नका. पण युद्धाचा ठराव समोर येईल तेव्हा हे गरजेपोटी आहे की द्वेषापोटी, हा प्रश्न सभेत विचारण्याचे कर्तव्य आपलेही आहे. नोकरीसाठी मुलगा सैन्यात जातो म्हणून आईबापांची विवेकबुद्धी गहाण पडत नाही.

आणि शांततेचा मोर्चा काढणाऱ्यांनीही एवढे पाहावे की, शेजारच्या वस्तीतला माणूस आपल्याबरोबर का नाही.