प्रेरणेचे ऋण

रत्नागिरीसारख्या नाट्यप्रेमी गावी एखादे नाटक रंगले, म्हणजे नाटककाराने हे प्रेम कोठून आणले असेल, असा प्रश्न रसिकांच्या मनात उभा राहतो. १९९८ सालच्या ‘शेक्सपिअर इन लव्ह’ या चित्रपटाने त्याचे एक मोहक उत्तर रचले. लेखणी अडलेल्या तरुण नाटककारास व्हायोला भेटते आणि तिच्या प्रेमातून ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ जन्मास येते. वस्तुतः ते कथानक आर्थर ब्रुक याच्या १५६२ सालच्या काव्यातून घेतलेले आहे. परंतु हा दोष आम्ही गौण मानतो. आम्हांस खटकते ते निराळेच. अखेरीस नाटककारास नवे नाटक सुचते, आणि व्हायोलेस मात्र नको असलेल्या पतीबरोबर समुद्रापलीकडे जावे लागते. या विषम वाटणीस न्याय म्हणावे काय?

आपल्याकडील ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटातही शाहिराच्या जीवनात बया या नर्तकीच्या प्रेमास मोठे स्थान आहे. बयेची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. तथापि चित्रपटाच्या नावापासूनच कथा शाहिराची. बया तिच्यात येते ती त्याची म्हणून.

प्रेम हिशेब ठेवीत नाही, तिने जे दिले ते स्वखुशीने दिले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु देणाऱ्याने हिशेब ठेवला नाही, एवढ्याने घेणाऱ्याचे ऋण फिटत नाही. प्रेरणा देणारी स्त्री म्हणजे दिव्यातील तेल नव्हे. तिलाही स्वतःची इच्छा, राग आणि आयुष्य असते.

१९७० साली याच हंसाबाईंचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पडद्यावर शाहिराची प्रेयसी झालेल्या स्त्रीने येथे आपली सुखदुःखे आणि आपले प्रमाद स्वमुखाने सांगितले. त्याच्याच आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट केला. तेथे स्त्री कोणाची प्रेरणा म्हणून येत नाही. कथाच तिची आहे.

प्रेमातून कला जन्मते, याविषयी आमची तक्रार नाही. मात्र जिच्यामुळे लेखणी चालली, तिला कलाकृतीत स्वतःचे मन मिळाले की नाही, हे रसिकाने अवश्य पाहावे. ते मिळाले नसेल, तर ऋण अद्याप शिल्लक आहे.