करीत नाहीं आणि करवत नाहीं

मराठी भाषेनें एक भेद फार सुबकपणें जपून ठेविला आहे. ‘तो करीत नाहीं’ असें आपण म्हणतों, आणि ‘त्याला करवत नाहीं’ असेंहि म्हणतों. व्याकरणकार दुसऱ्या रूपाला शक्य क्रियापद म्हणून मोकळे होतात; पण नीतिशास्त्राचा एक मोठा प्रश्न या दोन रूपांच्या मधल्या फटींत दडून बसला आहे. पहिल्या वाक्यांतील मनुष्य दोषास पात्र ठरतो, दुसऱ्यांतील साह्यास. बाहेरून पाहणाराला मात्र दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट दिसते : काम झालेलें नाहीं. मग यांपैकीं कोणतें वाक्य उच्चारावयाचें, हें आपण कशाच्या आधारावर ठरवितों?

शाळेंत हा निवाडा रोज होतो. वाचतांना अडखळणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचें वळण जवळजवळ बदललें नाहीं, म्हणून तें जडबुद्धीचें चिन्ह झालें, अशी या नांवाची एक उपपत्ति सांगतात. इ. स. १८९६ च्या नोव्हेंबरांत प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळांत तरबेज, हिशेबांत चांगला, डोळे निर्दोष. परंतु वर्षानुवर्षें शिकवूनहि त्याला साधे छापील शब्द वाचतां येत नसत, आणि स्वतःचें नांव लिहितांनाहि तो अक्षरांची उलटापालट करी. सर्व शिक्षण तोंडी असतें तर हाच शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. आज या स्थितीला डिस्लेक्सिया किंवा वाचनवैकल्य म्हणतात. बोलणें मूल ऐकून ऐकून शिकतें. वाचनासाठीं मात्र शब्दांतील ध्वनि सुटे करून ते अक्षरांशीं जोडावे लागतात. ही जोडणी कांहीं मुलांच्या अंगवळणीं सहजासहजीं पडत नाहीं. बुद्धीशीं तिचा संबंध नाहीं.

घरांतहि असाच निवाडा चालतो. हात स्वच्छ आहेत हें ठाऊक असून विसाव्या वेळीं ते नळाखालीं धरणाऱ्या गृहिणीला आपण मंत्रचळ लागला म्हणतों, क्वचित् सोवळ्याची आवड म्हणून तिचें कौतुकहि करितों. तिला त्या धुण्यांत सुख नसतें. न धुतल्यास कांहीं अनर्थ ओढवेल ही भीति विवेकाला दाद देत नाहीं, इतकेंच. विषण्णतेच्या विकारानें ग्रासलेला तरुण अंथरूण सोडीत नाहीं, तेव्हां वडील माणसें विचारतात, ‘याला कमी कशाची आहे?’ कमी कशाचीच नसते. पण झोप पहाटेंच मोडलेली असते, अन्नाची चव गेलेली असते, आणि अंघोळीसारखें साधें कामहि डोंगराएवढें वाटत असतें.

या तिन्ही ठिकाणीं दोष ठरविणारा तर्क एकच आहे. ज्याला गणित सुटतें त्याला वाचतां कां येऊं नये? जी एवढा संसार नेटका चालविते तिला एक नळ बंद करतां कां येऊं नये? परवां लग्नांत हंसत होता, मग आजच काय झालें? मनुष्याच्या सर्व शक्ति एकाच पातळीवर असतात, एक आहे तर दुसरी असलीच पाहिजे, ही समजूत या तर्काच्या मुळाशीं आहे. शरीराविषयीं ती आपण केव्हांच सोडली. ज्याचे पाय धड आहेत त्याचे डोळेहि धड असलेच पाहिजेत, असें कोणी म्हणत नाहीं. मनाविषयीं ती कायम राहिली, कारण पायाचें लंगडणें दिसतें, मनाचें दिसत नाहीं; आणि आपलें मन जेवढें आपल्या ताब्यांत आहे तेवढेंच दुसऱ्याचेंहि त्याच्या ताब्यांत असेल, असें प्रत्येकाला वाटतें.

उपदेशाची मर्यादा दाखविणारें उदाहरण आपल्या घरोघरच्या ग्रंथांतच आहे. अर्जुनाचा विषाद हा रोग होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण हातांतून धनुष्य गळालेल्या त्या वीराची श्रीकृष्णानें प्रथम केली ती निर्भर्त्सनाच. दुबळेपणा टाक आणि ऊठ, अशा अर्थाची. तिनें काम भागलें नाहीं. त्यानंतरहि ‘लढणार नाहीं’ म्हणून अर्जुन स्वस्थ बसला, आणि मग खरा संवाद सुरू झाला. आपल्यापैकीं पुष्कळांचें समजावणें त्या पहिल्या निर्भर्त्सनेपाशींच संपतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. प्रत्येक उणिवेला विकाराचें नांव दिलें तर जबाबदारी उरेल कोठें? परीक्षेंत वाढीव वेळ मिळावा म्हणून खोटा दाखला आणणारे पालक निघणार नाहींत काय? जगांत आळस आहे आणि लबाडीहि आहे, हें आम्ही मान्य करितों. पण विकार मान्य केला कीं श्रमांतून सुटका होते, ही कल्पना उपचारांचें स्वरूप कळल्यावर टिकत नाहीं. मंत्रचळाच्या उपचारांत रुग्णाला, ज्या वस्तूची भीति वाटते तिलाच हात लावून, हात न धुतां, भीति ओसरेपर्यंत बसून राहावें लागतें. वाचनवैकल्य असलेल्या मुलाला ध्वनि व अक्षर यांची सांगड पायरीपायरीनें, इतरांहून कितीतरी अधिक सरावानें घालावी लागते. ‘करवत नाहीं’ हें कबूल झाल्यावरच या श्रमांना आरंभ होतो. तोंवर तो मनुष्य चुकीच्या रस्त्यानें धांवून थकत असतो.

तरीहि संशयाचीं स्थळें राहतीलच. तेथें कोणती चूक पत्करावी? आळशाला रोगी समजलें तर कांहीं तास, कांहीं गुण व्यर्थ जातील, आणि पुढें तपासणींत खरें काय तें कळण्याचा संभव राहील. रोग्याला आळशी समजलें तर तो स्वतःहि तसेंच समजूं लागतो, आणि मदत मागण्यास त्याला तोंड उरत नाहीं. शिवाय ही दुसरी चूक आपला पुरावा आपणच निर्माण करिते : हिणवलेलें मूल पुढें खरोखरच पुस्तकापासून पळूं लागतें.

आपल्या कायद्यानें हा तोल हळूहळू ओळखला आहे. महाराष्ट्रांत १९९६ पासून अशा मुलांना शालेय परीक्षांत सवलती मिळूं लागल्या. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत अध्ययन-अक्षमतेचें नांव नव्हतें; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत तें आलें. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असें ठरविलें कीं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच गृहीत धरावें, आणि सरकारनें त्याची काळजी घ्यावी. पूर्वीं जेथें गुन्हा गृहीत होता तेथें आतां दुःख गृहीत आहे.

कायद्याची सत्ता न्यायालयापुरती. वर्गांत आणि माजघरांत न्यायाधीश आपणच असतों. जें न्यायालयाला गृहीत धरतां येतें तें प्रगतिपुस्तक हातांत घेतलेल्या बापाला, किंवा बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला, धरतां येऊं नये असें नाहीं. दोषाचें वाक्य उच्चारण्यास पुढें केव्हांहि सवड आहे. तोंवर दुसरें वाक्य खरें असूं शकेल असें मानून एकदां तज्ज्ञाचें दार ठोठवावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.